ओल्तारावरचा अँटेना

आमच्या घरात संध्याकाळची रोझरी चुकत नाही. माळेचे पाच भाग. पहिले दोन बायको सांगते, पुढचे दोन मी, आणि पाचवा घरातल्या सगळ्यात धाकट्याचा. त्यानंतरची शेवटची मोठी प्रार्थनाही त्यानंच सांगायची. आमच्याकडे धाकटी म्हणजे आमची एकुलती मुलगी. ती कॅनडाला गेली तरी तिचा भाग कुणी घेतला नाही. ओल्ताराशेजारी, म्हणजे घरातल्या देवाच्या वेदीशेजारी, तिचा अभ्यासाचा जुना कॉम्प्युटर आहे, त्याच्या पडद्यावरून ती सांगते. आमची संध्याकाळ ही तिची सकाळ.

घरावर नवी खोली बांधली, इंटरनेटचा डबा वर गेला आणि पंचाईत सुरू झाली. वायर खाली आणायची तर ओल्ताराच्या भिंतीला भोक पाडावं लागणार.

"देवाच्या भिंतीला हात लावायचा नाय," बायकोनं बजावलं.

"मग फोनवर बोलू."

"आनि फोन कुठं ठेवनार? मेनबत्तीला टेकवून?"

शेवटी वायरशिवाय नेट घेणारा अडॅप्टर आणायला मी आमच्या उमेळे गावाहून वसई स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदारानं नखाएवढा तुकडा पुढे केला. "काका, हा घ्या. मागे लावा नि विसरून जा." मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण दुकानात शिरताना माझी अक्कल बाहेरच राहते. घेतला.

कॉम्प्युटरची पाठ भिंतीला आणि भिंत हातभर जाड. पाचव्या भागाच्या मध्येच मुलगी तोंड उघडं ठेवून गोठली. मणी बोटांत धरून आम्ही बसून राहिलो. "मी पुरा करतो," म्हणालो, तर बायकोनं डोळे वटारले. "तिचा हाय तो." रोझरी अर्धीच राहिली. मग हे रोजचंच झालं. अर्धे शब्द पोचायचे, अर्धे वाटेतच गळायचे. मला लेकीची फार आठवण येत होती, आणि ते बोलता येत नव्हतं म्हणून मी त्या नखाएवढ्या तुकड्याला शिव्या घालत होतो.

पुन्हा दुकान. "मग आत बसणारं कार्ड घ्या काका, दोन अँटेनावालं. स्पीड एकदम सॉलिड."

"अँटेना कुठून निघतात?"

"मागूनच."

म्हणजे पुन्हा भिंतीतच तोंड. मी तिसरा उचलला. लांब वायर, तिच्या टोकाला छोटी बैठक आणि त्यावर उभा अँटेना. स्पीड कमी तर कमी, पण रेंज असेल तिथे ठेवता तरी येईल.

रेंज मिळाली ती नेमकी ओल्तारावर, फुलदाणीच्या बाजूला. भिंतीला हात लावू न देणाऱ्या बायकोनं तिथली जागा स्वतः पुसून दिली.

त्या संध्याकाळी मुलगी लख्ख दिसली. तिच्या कानातले डूल, मागचं स्वयंपाकघर, किटलीची वाफ, सगळं. तिनं आपला भाग न अडखळता सांगितला, मोठी प्रार्थना सुरू केली आणि मध्येच थांबली. मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. रेंज पूर्ण होती. किटलीची वाफ वर चालली होती. मुलीच्या पापण्या हलत होत्या, ओठ पुढचा शब्द शोधत होते. ही प्रार्थना ती लहानपणी पेंगत पेंगत म्हणायची, तरी एक शब्द चुकत नसे.

बायको पडद्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिलाही कळलंय.

"रेंज गेली वाटते," ती म्हणाली. "अहो, तो अँटेना बघा जरा."

मी उठलो, अँटेना थोडा डावीकडे वळवला, थोडा उजवीकडे. तेवढ्यात बायकोनं पुढचे शब्द हळू आवाजात म्हणायला घेतले, आणि दोन ओळींनंतर मुलीचा आवाज त्यात मिसळला. आमेनपर्यंत दोघी बरोबर आल्या.

"आता येते ना नीट आवाज?" बायकोनं विचारलं.

"हो मम्मी," मुलगी म्हणाली. तिनं डोळे पुसले. "नेटच गेलं होतं."

"उद्या नाय जानार," बायको म्हणाली. मी अजून अँटेना धरूनच उभा होतो.