माटोळीवाले महादेवमामा

पाळी गावातल्या आमच्या वाड्यावर चवथीची माटोळी म्हणजे महादेवमामा. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी चौकटीला कुठलं रानफळ कुठे बांधायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. कांगलाच्या वेली कुठे लाल होतात, कवंडळं कुठल्या ओहोळाकाठी लोंबतात, सारं त्यांना पाठ. पूर्वी ते खाणीवर ट्रक चालवायचे. मग कानात आवाज ऐकू येऊ लागले आणि ट्रक सुटला. गेली बारा वर्षं ते नेमाने गोळ्या घेतात आणि थोरल्या बहिणीकडे, प्रभावतीमावशीकडे राहतात.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी शहाणपणा केलाच. एकवीस वर्षांची, साखळी शहरात कॉलेजला जाणारी, मानसिक आरोग्यावर पोस्टर काढून बक्षीस मिळवलेली मी.

चवथीच्या दोन दिवस आधी, सकाळी, मामा हातात कोयती घेऊन, स्वतःशीच बोलत रानाकडे निघालेले दिसले. मी खिडकीतून व्हिडिओ काढला आणि वाड्यावरच्या पोरापोरींच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘काळजी घ्या.’ दहा मिनिटांत ग्रुप पेटला. कुणी म्हणे गोळ्या सोडल्या असणार, कुणी म्हणे असली माणसं कधी उलटतील नेम नाही. मामांनी कुणावर हात उगारलेला आमच्यापैकी एकानेही कधी पाहिला नव्हता. मी तेवढं लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. सगळे माझाच व्हिडिओ बघताहेत याचं मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

ठरलं असं, की कोयती काढून घ्यायची आणि ऐकलं नाही तर पोलिसांना बोलवायचं. माझा चुलतभाऊ सिद्धेश चौघांना घेऊन निघाला. मीही गेले. सिद्धेशच्या कमरेलाही कोयतीच होती, कारण त्या दिवसांत निम्मा गाव फळं काढायला रानात जातो. तिची भीती कुणालाच वाटली नाही.

ओहोळाकडच्या पायवाटेवर मामा समोरून आले. खांद्यावर कांगलाच्या वेली, उजव्या हातात कोयती. आम्ही वाट अडवली. सिद्धेशने दरडावून कोयती टाकायला सांगितलं. मामा जागीच थांबले. कोयतीवरची मूठ सुटेना. सिद्धेशने फोन काढला. पोलिसांच्या गाडीतून एकदा नेलेल्या माणसाला पुन्हा गणपतीसमोर कोण उभं करतं? वाड्यावर त्यांना मान होता तो एवढ्या एका कामाचा, आणि तो माझ्यामुळे जाणार होता. तरी मी सिद्धेशला थांबवलं नाही.

मामांनी वाकून कोयती दगडावर ठेवली. दोन्ही रिकामे तळवे आम्हाला दाखवले. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “गौरवी, माका आवाज येतत गो. ते म्हणतत, पोरां तुका धरूक येतली. डॉक्टर सांगता, ते खोटे, कोण येवचो ना. बारा वर्सां मी त्यांका खोटेच म्हणत इलंय.”

सिद्धेशने फोन खिशात घातला.

“आता डॉक्टराक काय सांगू?” मामांनी विचारलं. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.