शून्यासाठी आणलेली दाढ

प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘दातमामा’ म्हणत. जमिनीतून निघालेले प्राचीन दात त्याच्याकडे येत. तो त्यांचं पांढरं कवच कोरून काढी, खलात कुटी आणि ती भुकटी चुंबकाच्या मोठ्या यंत्रात सरकवी. मातीतला किरणोत्सर्ग त्या कवचात साठत जातो. साठा जितका मोठा, तितका दात जुना. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरणारा हा गृहस्थ हजारो वर्षांपूर्वीच्या रेड्याचं वय मात्र छातीठोकपणे सांगे.

तुलनेला एक आजकालचा दात लागे, साठा जवळजवळ शून्य असलेला. गेल्या महिन्यात त्याच्या थोरल्या बहिणीची दाढ काढली, ती त्याने मागून घेतली.

“माझी दाढसुद्धा सोडू नकोस, मेल्या!” म्हणत ताईने बाटलीतून घोट घेतला. पाण्याच्या बाटलीशिवाय तिला कुणी पाहिलंच नव्हतं. तिला ‘उंटीण’ म्हणायची टूम याच दीडशहाण्याची.

यंत्राने शून्य दाखवलंच नाही. पडद्यावर डोंगर उभा राहिला.

“माझ्या डब्यांत कुणी हात घातला?” तो खेकसला. कुणीच घातला नव्हता. दुसरी चिमूट घातली, तोच डोंगर.

प्रयोगशाळेच्या मॅडमनी चष्मा सावरला. “दातमामा, कुणाची दाढ ही? एवढा किरणांचा मारा अख्ख्या अंगावर झाला तर माणूस उरत नाही. हा नुसत्या जबड्यावर दिलाय. कॅन्सरला देतात तसा.”

“ताईची आहे,” तो कसाबसा म्हणाला. “तिची आज दुसरी काढतायत.”

“अहो, डॉक्टरांना माहीत आहे का? अशा जबड्यातली दाढ उपटली की हाड सडू शकतं!”

दवाखान्यातला फोन कुणी उचलेना. तो अंगातल्या पांढऱ्या डगल्यासकट धावत सुटला.

दवाखान्यात ताई आ वासून खुर्चीत, डॉक्टरांचा चिमटा तोंडाशी.

“थांबा! ताई, तुला कधी किरणांचे उपचार झाले होते?”

ताईचं तोंड मिटलं. “कुणी सांगितलं तुला?”

“तुझ्या दाढेने.”

“चहाडखोर मेली!” मग हळूच म्हणाली, “मावशीकडे शिवण शिकायला गेले होते ना वर्षभर? शिवण कसलं! गालात गाठ होती. लाळ आटली ती तेव्हापासूनच. तुझी परीक्षा होती. पोरगा कोलमडेल म्हणून बाबांनी शपथ घातली.”

“परीक्षा होऊन तीस वर्षं झाली गं!”

“पण शपथ सोडवायच्या आधीच बाबा गेले ना.”

तीस वर्षं तिला ‘उंटीण’ म्हणणाऱ्या त्याने तिची पाण्याची बाटली उचलून तिच्या हातात दिली.

डॉक्टरांनी चिमटा ठेवला, आधीच्या दाढेच्या जागी उजेड पाडला आणि ते खाली बसले. “ही जखम अजून भरलेली नाही. आणि मी शेजारचीच काढायला निघालो होतो! मोठ्या रुग्णालयात जाऊ, आत्ताच. वेळेत कळलंय.”

एवढं ऐकलं आणि दातमामाच कोलमडला. ताई टुणकन उठली, त्याला काखेत धरून खुर्चीत आडवं केलं आणि म्हणाली, “डॉक्टर, आधी याला बघा. हा लहानपणापासून असाच आहे.”