रुलेटच्या टेबलावरचं रक्त

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. सतरा वर्षं फौजेत काढली, माणसं डोळ्यांदेखत मरताना पाहिली... त्यातलं कुणी परत आलेलं नाही पाहिलं. त्यामुळं हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय.

मी मूळचा आष्ट्याचा. रिटायर झाल्यावर साताऱ्याजवळ डोंगरउतारावरच्या एका रिसॉर्टमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर झालो. कॅसिनो थीम — रुलेटचं फिरतं चाक, पत्त्यांची टेबलं, डीजे, स्विमिंग पूल. खेळ नुसत्या प्लास्टिकच्या चिप्सचा, तरी पुण्या-मुंबईची पोरं-पोरी रील्ससाठी तुटून पडायची. माझ्या हाताखाली सुनंदा होती. फलटणची, कबड्डी खेळलेली, स्टाफमधली एकमेव लेडी बाउन्सर.

शनिवारी दुपारी चारची वेळ. सिरियलमधली एक हिरॉइन येणार म्हणून हॉल गच्च भरलेला. रुलेटच्या टेबलाशी पिवळ्या शर्टातला एक तरुण वाकून उभा होता. त्याच्या डाव्या कानामागून रक्ताची धार लागलेली — कॉलरवरून थेट टेबलाच्या हिरव्या कापडावर. मी धावत जाऊन तळहात जखमेवर दाबला. रक्त गरम लागलं.

"ए, हात काढ! काय करतोयस?" तो उसळला.

शर्ट कोरडा. कापड कोरडं. कानामागं साधा ओरखडा नाही. त्याचे मित्र खिदळायला लागले. मी सॉरी म्हणून मागं सरकलो, तोच सुनंदानं माझं मनगट धरलं.

"आवं भाऊ, हाताला रगात कसलं? कुटं कापलं?"

म्हणजे तिलाही दिसत होतं! नळाखाली हात धुतला. लाल पाणी गेलं... जखम कुठंच नव्हती.

मला एवढंच सुचलं — या पोराला इथून हलवायचं. "सर, तुमच्या गाडीला कुणीतरी ठोकलंय," असं खोटंच सांगून त्याला बाहेर काढलं. जाताना सुनंदाला म्हणालो, "इथंच उभी ऱ्हा. टेबल सोडू नको."

आम्ही पार्किंगला पोचतोय तोवर आतून किंकाळ्या. हिरॉइनसोबतच्या सेल्फीवरून दोन ग्रुप भिडले होते. खुर्च्या उडत होत्या. एकाचे दात फरशीवर. मी आत घुसलो तेव्हा एक धिप्पाड माणूस फुटकी बाटली पुन्हा उगारत होता आणि त्याच्यासमोर सुनंदा टेबलावर पालथी पडली होती. मी त्याचा हात मागून पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज आला तरी सोडला नाही.

मग तिच्याकडं वळलो. डाव्या कानामागून धार, हिरव्या कापडावर. मी तळहात दाबला. तेवढंच गरम.

सुनंदा वाचली, पण तो कान गेला. आता ती कुपवाडला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. नोकरी मीही सोडली. एकदा तिच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं — पिवळा शर्ट, गाडीचं खोटं, सगळं. तिनं चांगला कान माझ्याकडं करून ऐकलं.

"भाऊ, तवा माझं रगात दिसलं असतं, तर मला भायेर काढलं असतं न्हवं?"

"व्हय. काढलंच असतं."

"मग तितं कुणाला हुबं केलं असतं?"

मी चहा तसाच ठेवून उठलो. ते रक्त दहा मिनिटं आधी माझ्या हाताला कसं लागलं, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.