रिलीव्हर येईपर्यंत

भिलाईच्या सेक्टर सहामधल्या गजभियांच्या क्वार्टरमध्ये विमानातल्या काही माणसांचा रोज संध्याकाळी उद्धार व्हायचा. ती माणसं त्या घरात कधी आली नव्हती, येणारही नव्हती. पण हिरालाल गजभियांना त्यांची नावं, त्यांच्या खोडी, त्यांची सुटीची कारणं, सगळं तोंडपाठ होतं. लेक समीक्षा एअर होस्टेस होती, हैदराबादला राहायची, आणि ड्युटी संपवून कंपनीच्या गाडीत बसली की आधी बाबांना फोन लावायची. मग गाऱ्हाणी सुरू. प्रवाशानं डोक्यावरचं बटण दाबलं की अमुक एकजण पडदा ओढून मागे जेवणाच्या ट्रॉल्यांजवळ लपते. तमका सीनियर आहे म्हणून कचऱ्याच्या पिशवीला हात लावत नाही. तिसरीला स्वतःच्या लिपस्टिकपुढे प्रवाशांचे पट्टे दिसत नाहीत. आणि ऐश्वर्याचं तर विचारूच नका. ती नेमकी सणासुदीला आजारी पडायची.

"आता कोनता सन आला?" हिरालाल फोनवर विचारायचे.

"हसू नका ना बाबा. इथं माझा जीव जाऊन राहिला."

"हासून नाई राहिलो बाप्पा. आमच्या कोक ओव्हनमंदी होता असा एक. त्याची मावशी दर होळीले मरत होती."

मग दोघंही हसायचे. नलूबाई स्वयंपाकघरातून ओरडायची, "करा, बाप-लेक मिळून लोकायच्या चुगल्या करा!" तिला हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. पण रिटायर झालेल्या माणसाला एवढंच सुख होतं. प्लांट सुटला, दोस्त पांगले, अंगणातल्या पपईला पाणी घालून होईपर्यंत सकाळ संपायची आणि पुढचा सगळा दिवस अंगावर यायचा. लेकीचा फोन आला की ते ताठ बसायचे, चष्मा लावायचे, जणू हजेरी द्यायची आहे.

त्यांची उभी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनमध्ये गेली होती. कोळसा भाजायच्या त्या भट्ट्या एकदा पेटल्या की वर्षानुवर्षं विझवत नाहीत, म्हणून तिथल्या माणसाची जागाही रिकामी राहत नाही. शिफ्ट संपो, भोंगा होवो, तुमच्या जागेवर येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहीपर्यंत हलायचं नाही. तो आलाच नाही तर त्याचीही शिफ्ट तुम्हीच करायची. समीक्षा ट्रेनिंगला निघाली तेव्हा बाकीच्या बापांनी जप, जेव, फोन कर असलं काही सांगितलं असतं. हिरालालांनी सांगितलं, "रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडाची नाई. मंग कोनी काई म्हनो." पोरीनं ते मनावर घेतलं. घ्यायला नको होतं, असं आता वाटून काय उपयोग.

यंदाच्या थंडीत हिरालालांचं हृदय थकलं. दुर्गच्या दवाखान्यात ठेवलं, पण पायांवरची सूज उतरेना आणि दोन शब्द बोलले की धाप लागे. डॉक्टरांनी धाकट्या रोशनला बाजूला घेतलं आणि ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा म्हणाले.

समीक्षाला रजा लगेच मिळाली. दुसऱ्या दिवशी तिची हैदराबादहून रायपूरची फ्लाइट होतीच. तेच विमान पुढे दिल्लीला जाऊन संध्याकाळी परत रायपूरला यायचं होतं. ठरलं असं, की समीक्षानं रायपूरला उतरून थेट बाबांकडे दवाखान्यात जायचं आणि तिच्या जागी, त्या दिवशी रायपूरलाच मुक्कामाला असलेल्या ऐश्वर्यानं चढायचं. ऐश्वर्यानं आपण होऊन फोन केला. "तू टेन्शन मत ले यार. पापा के पास जा, तेरी फ्लाइट मैं देख लूँगी." समीक्षाला रडू आलं. आजवर हिच्याबद्दल जे जे बोललो त्याची तिला लाज वाटली.

निघण्याआधी तिनं दवाखान्यात फोन केला. "बाबा, येऊन राहिली मी."

"ये," हिरालाल म्हणाले. थोडा दम घेतला. "तुया जागी कोन?"

"ऐश्वर्या."

"मंग पक्कं नको समजू," ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

रायपूरला विमान उतरलं, प्रवासी उतरले, सफाईवाले आत येऊन गेले. बाहेर पार्किंगमध्ये रोशन गाडी घेऊन उभा होता, दुर्ग तिथून तास-दीड तासावर. ऐश्वर्या आली नव्हती. फोन बंद. हॉटेलवाला म्हणाला, मॅडम काल गेल्या त्या परत आल्याच नाहीत. दिल्लीचे प्रवासी खाली रांगेत उभे राहिले. या विमानात चौघं हवीतच असा नियम, तिघांवर ते उडत नाही, आणि रायपुरात जादा माणूस कुठून असणार?

कॅप्टन भला माणूस होता. तो म्हणाला, "तुमची रजा मंजूर आहे, तुम्ही उतरा. फ्लाइट रद्द झाली तर होऊ दे, कंपनीला मी उत्तर देईन."

त्यानं तिला अडवलं असतं तर बरं झालं असतं. निदान दोष द्यायला एक माणूस मिळाला असता. कोणीही अडवलं नाही. ती विमानाच्या दारात उभी राहून खालच्या रांगेकडे बघत होती. तिनं रोशनला फोन लावला.

"बाबा कसे आहेत?"

"आई म्हणते झोपले आहेत. तू बाहेर ये ना जल्दी."

"माझी रिलीव्हर नाही आली रे."

"तो क्या? छोड़ ना दीदी! भाड़ में जाए प्लेन, तू बस आ जा!"

"संध्याकाळी हेच विमान वापस येते. मी येतेच. बाबाले सांग, त्यांना समजेल."

रोशननं फोन आपटला. समीक्षानं काढून ठेवलेलं जॅकेट पुन्हा चढवलं आणि दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला हसून नमस्कार केला. वाचणाऱ्याला इथे तिचा राग येईल. यावाच. पण एक लक्षात घ्या, त्या घडीला तिला मनोमन वाटत होतं की आपण बाबांचंच काम करतो आहोत.

दिल्लीला चाकं टेकली आणि तिनं फोन सुरू केला. पहिला मेसेज ऐश्वर्याचा. "सॉरी यार, सिक लीव्ह डाल दी. तूने बचा लिया, लव यू." खाली तिनं सगळ्यांसाठी टाकलेला फोटोही होता, मैत्रिणीच्या हळदीतला. तोंडभर हळद, गळ्यात झेंडूच्या माळा. समीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या आगीतच तिला हसूही आलं, कारण हे ऐकून बाबा किती हसतील. रोशनचा मेसेज त्याखाली होता. तो तिनं उघडलाच नाही. सवयीनं सरळ बाबांना फोन लावला.

फोन उचलला गेला आणि ती एका दमात बोलली, "बाबा, तुम्ही म्हटलं तसंच झालं! ऐश्वर्या आजारी आहे म्हणे, आणि तिकडं हळदीत नाचून राहिली..."

पलीकडे नलूबाई होती.

"तुये बाबा गेले, समी."

दिल्लीत तिच्या जागी दुसरी मुलगी मिळाली. किती सहज मिळाली! समीक्षा परत आली ती प्रवाशासारखी, मागच्या सीटवर. कचऱ्याच्या पिशवीला हात न लावणारा तो सीनियर याच विमानावर होता, आणि रायपूर येईपर्यंत कामातून सवड मिळाली की तिच्या शेजारी येऊन बसत होता. तो चांगला निघाला, हेही बाबांना सांगता येणार नव्हतं.

अंत्ययात्रा दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. त्रिसरण-पंचशील झालं, माती झाली. कोक ओव्हनची जुनी मंडळी आली होती. हिरालालांचे जोडीदार देवराव यांनी समीक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "समदं समजलं बेटा. जागा नाई सोडली तुनं. हिरालालची पोरगी शोभली." बाकीच्यांनी माना हलवल्या. तिला वाटलं, यांतल्या एकानं तरी थोबाडीत द्यावी. बापाच्या इतक्या जवळ येऊन ती निघून गेली होती आणि ही माणसं तिचं कौतुक करत होती.

दुपारी माणसं पांगली. रोशन भाड्यानं आणलेली गाडी परत करायला सिविक सेंटरकडे गेला. नलूबाई भिंतीला टेकून बसली होती. समीक्षा तिच्यासमोर बसली.

"आई, काहीतरी बोल. शिव्या दे मले."

"काय देऊ?"

"बाबा काही म्हणले का? शेवटी?"

"मी सांगतलं त्याइले, पोरीची बदलीवाली नाई आली, ते संध्याकाळी येते. तं हासले. म्हने, बरोबर आहे."

समीक्षाचा बांध फुटला. नलूबाईनं तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही.

"तुमचं दोघायचं बरोबरच असते," ती म्हणाली. "तू झाली तवाही त्याइचं बरोबरच होतं. मी दवाखान्यात पडली, इकडं कळा येऊन राहिल्या, आन् त्याइच्या जागेवर कोनी आलं नाई म्हून हे तिकडं भट्टीवर. दुसऱ्या दिवशी आले हासत. मी काई बोलली नाई. काय बोलाचं? समदे म्हनत, मोठा इमानदार मानूस." तिनं पदरानं तोंड पुसलं. "काल त्याइले घाम फुटला. पानी मागतलं. मी नर्सले आवाज देऊ का त्याइले धरू, मले समजे नाई. रोशनले फोन लावला, तं तो रस्त्यातच, चरोद्यापाशी. तुले घ्याले गेला होता ना तो."

"आई..."

"मी एकटीच होती, समी."

समीक्षानं तिचा हात हातात घेतला. नलूबाईनं तो सोडवून घेतला नाही. पण धरलाही नाही.