कपाट बाहेर, स्पीड बासष्ट

मुलुंडला आमचं घर दोन खोल्यांचं. मी आतल्या खोलीत टेबल टाकून टीव्हीवरच्या कार्यक्रमांची मराठी सबटायटल्स लिहिते. त्यासाठी रोज मोठमोठे व्हिडिओ उतरवून घ्यावे लागतात. मोबाइलचं नेट पुरेना म्हणून गेल्या वर्षी घरात वायफाय घेतलं. कंपनीचा माणूस आला, बाहेरच्या खोलीत जिथे त्याची वायर संपली तिथेच राउटर भिंतीला ठोकला आणि गेला. शंभरचा स्पीड सांगितला होता. माझ्या टेबलापर्यंत चार पोचत होता. भरली वांगी करून दाखवणाऱ्या एका बाईंचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम उतरायला लॅपटॉप नऊ तास मागत होता.

कस्टमर केअरला फोन केला. राउटर बंद करून चालू करा म्हणाले. केला. दुसऱ्यांदा फोन केला, तेच. तिसऱ्यांदा मात्र पलीकडची मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, "मॅडम, या वेळी बंद केल्यावर तीस सेकंद थांबून बघा."

हे सगळं बाबा पेपर वाचता वाचता ऐकत होते. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. रिटायर झाल्यापासून घरात बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी पेपरची घडी घातली आणि मला म्हणाले, "एक वही दे. आणि मध्ये बोलू नकोस."

त्यांचा नियम एकच. एका वेळी एकच बदल करायचा, रीडिंग घ्यायचं, लिहून ठेवायचं. राउटरच्या अँटेनाच्या काड्या उभ्या: चार. आडव्या: साडेतीन. पंखा बंद: चार. मग त्यांनी आईला मिक्सर लावायला सांगितला.

"काय वाटायचंय?" आईनं विचारलं.

"काही नाही. नुसता फिरव."

"रिकामा? जळेल तो!"

म्हणून आईनं खोबऱ्याची चटणी वाटली. रीडिंग चार. बाबा म्हणाले, एका रीडिंगवर भरवसा नाही, अजून दोनदा घ्यावं लागेल. दुपारी पानात तीन वेगवेगळ्या चटण्या होत्या. मायक्रोवेव्ह लावल्यावर मात्र स्पीड सरळ एकवर आला. बाबा इतके खूश झाले की त्यांनी मायक्रोवेव्हची पाठ थोपटली. पण तो बंद केल्यावर पुन्हा चारच.

मग त्यांना कुठूनसं कळलं की माणसाच्या अंगातल्या पाण्यामुळेही सिग्नल अडतो. त्यांनी आईला दोन खोल्यांमधल्या दारात उभं केलं. तीन. "आता खाली बस." चार.

"म्हणजे माझ्यामुळे नेट अडतं?" आई खालूनच म्हणाली.

"मी फक्त रीडिंग सांगतोय."

"तीस वर्षं काही अडलं नाही, आता मी अडते!" असं म्हणून ती उठली आणि त्या दिवसापुरता प्रयोगातला तिचा सहभाग संपला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी लॅपटॉप वायरनं थेट राउटरला जोडला. अठ्ठ्याण्णव! म्हणजे नेट घरापर्यंत येत होतं, आणि पुढच्या दहा-बारा फुटांत कुठेतरी सांडत होतं. मी म्हटलं, बाबा, मग हीच वायर आतपर्यंत लांबवू ना, विषय संपला. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू त्यांना लाच देत होते. "गळका पाइप फडक्यानं बांधायचा नसतो. गळती शोधायची."

ती त्यांनी शोधली. लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून ते एकेका लादीवर थांबत चालत होते आणि मी मागून वही घेऊन. सातव्या लादीवर स्पीड कोसळला. बाबांनी मान वर केली. समोर आईचं कपाट होतं. लग्नात आलेलं, छतापर्यंत उंच, पोलादी, दाराला पूर्ण उंचीचा आरसा, आत साड्यांखाली पितळेची भांडी. ते भिंतीला लागून उभं होतं आणि भिंतीच्या पलीकडे, अगदी पाठीला पाठ लावून, राउटर.

राउटर हलवता येईना. त्याची वायर फायबरची, आतून काचेची, ताणली की तुटते. लांब वायरची मागणी कंपनीकडे नोंदवली, पण तिला वेळ लागणार होता. तेव्हा कपाट हलवायचं ठरलं.

"हात लावून तर बघा," आई म्हणाली.

बाबांनी मजल्यावरचे चार जण बोलावले. सगळ्यांनी मिळून कपाट जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये नेलं. मी आत टेबलाशी बसून ओरडले, "बासष्ट!" बाहेर टाळ्या वाजल्या. भरली वांगी पाऊण तासात उतरली.

पण आता कपाट कुठे ठेवायचं? दुसऱ्या भिंतीला खिडकी, तिसऱ्या भिंतीला ठेवलं तर दार उघडेना. तोवर सोसायटीचे सेक्रेटरी आले. "काका, पॅसेज अडवायचा नाही. संध्याकाळपर्यंत उचला."

समोरच्या मावशी दारातून हे बघत होत्या. त्या एकट्याच राहतात. म्हणाल्या, "माझ्याकडे ठेवा ना. माझ्याकडे कुठे नेट-बिट आहे?"

तेव्हापासून आमचे कपडे समोरच्या घरी राहायला गेले. सकाळी आंघोळ झाली की आई गाऊनवर पंचा गुंडाळून मावशींची बेल वाजवायची. माझा पासपोर्टही तिकडेच, आणि बाबांच्या पँटीही. मग एकदा मावशी बहिणीकडे गोराईला गेल्या आणि आमच्याकडे ठेवायची घराची किल्ली चुकून सोबत नेली. नेमका त्याच संध्याकाळी बाबांच्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांचा मेळावा होता. घरात बाबांची फक्त हाफपँट आणि पलंगाखालच्या पिशवीत कारखान्याचा निळा युनिफॉर्म. ते तो घालून गेले. पोटावरचं बटण लागलं नाही. तिथे सगळ्यांना वाटलं, मुद्दाम आठवण म्हणून घातलाय. दोघा-तिघांचे डोळे भरून आले. बाबांना व्यासपीठावर बोलावून हार घातला, आणि पुढच्या वर्षी सगळ्यांनीच युनिफॉर्ममध्ये यायचं असा ठराव झाला. बाबांनी खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. घरी आल्यावर म्हणाले, "काय सांगणार? राउटरमुळे?"

दोन महिन्यांनी कंपनीचा माणूस लांब वायर घेऊन आला. राउटर माझ्या टेबलाच्या वर बसवला. आता कपाट त्याच्या जुन्या जागी आलं तरी काही बिघडणार नव्हतं. बाबा पुन्हा चार जणांना गोळा करायला निघाले, तशी आईनं त्यांना थांबवलं.

"राहू दे तिकडेच."

"अगं, पण रोज बेल वाजवत जायचं?"

"मावशी चहा ठेवतात सकाळी. साडी कुठली नेसू ते सांगतात." वर ती म्हणाली, "तुम्ही इतक्या वर्षांत एकदा तरी सांगितलंत?"

बाबांनी पायातल्या चपला काढल्या आणि आत येऊन बसले. कपाट अजून मावशींकडेच आहे.