इंद्रायणीच्या अलीकडे

गाडीचा बिघाड मामू कानाने पकडायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "बेअरिंग गेलंय," एवढंच बोलायचे. कासारवाडीत त्यांच्या गॅरेजला लागूनच माझं पिको-फॉलचं दुकान, त्यामुळे हे मी रोज बघायची. एका सकाळी मात्र मामू तसेच डोळे मिटून बसले होते, समोर गाडीच नव्हती आणि दोन बोटं स्वतःच्या मानेवर होती.

"ताई, धडधडतंय. मला ऐकू येतंय."

घाम फुटलेला, हातपाय गार. मामींनी आणि मी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राम चांगला आला. पुढे पुन्हा तसंच झालं, पुन्हा चांगलाच आला. शेवटी तिथून मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, हृदय ठणठणीत आहे, हे भीतीचे झटके आहेत, चढतात आणि आपोआप उतरतात. मामूंना ते काही पटेना. "आवाज हाय म्हणजे बिघाड हाय," म्हणायचे. ज्या नियमावर आयुष्यभर पोट भरलं, तोच ते स्वतःच्या छातीला लावून बसले होते. डॉक्टर इंजिन उघडून बघत नाहीत, याचा त्यांना भारी राग.

दुरुस्त केलेल्या गाडीची ट्रायल घ्यायला मामू आधी भोसरीपर्यंत जाऊन यायचे. मग नाशिक फाट्यापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत. पुढे पुढे गिऱ्हाइकालाच चक्कर मारून यायला सांगू लागले. लोक म्हणायचे, "मामू, टेन्शन घेऊ नका राव." जसं काही टेन्शन टपरीवर मिळतं आणि हा माणूस हौसेने घेतोय. माझं डोकंच फिरायचं. मामी असलं काही बोलायच्या नाहीत. झटका आला की शेजारी स्टूल ओढून लसूण सोलत बसायच्या. "चढू द्या. उतरंल. मी हाय इथंच."

त्यातच त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, नसरीनचं लग्न झालं. दिली चाकणला, जावई तिथल्याच कंपनीत. लग्न इथल्या हॉलमध्ये झालं म्हणून निभावलं. पण लेकीचं घर काही मामूंना बघायला मिळेना आणि तेच त्यांना खाऊ लागलं. गुरुवारी जावयाला सुट्टी. सकाळीच नसरीनचा फोन यायचा, "अब्बू, आज येताय ना? खिमा केलाय." मामू धुवट शर्ट घालून, मामींना स्कूटरवर मागे बसवून निघायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दर वेळी थोडं पुढे जा. भोसरी जमली, मोशीही जमली. पण इंद्रायणीचा पूल दिसला की हात बधिर व्हायचे. पुलाच्या अलीकडे स्कूटर लावून दोघं बराच वेळ बसायचे आणि मागे फिरायचे. संध्याकाळी मामू गॅरेजच्या पायरीवर असायचे, "पोरीनं खिमा केला होता, ताई." तिथे आता मोबाइलचं दुकान झालंय, तरी मला त्या पायरीवर मामू बसलेले दिसतात.

मग जावयाची बदली गुजरातला झाली. जाताना नसरीन भेटून गेली, तेव्हा मामूंनी मान वर केली नाही. मला वाटलं, आता हा माणूस अंथरूण धरणार.

पुढच्याच गुरुवारी दुपारी दोघं स्कूटरवरून उतरले. मामू घामाने भिजलेले.

"चाकणला जाऊन आलो."

"अहो, पण आता तिथे कुणाकडे?"

"कुणाकडंच न्हाई. म्हणून तर जमलं. पुलावर लई धडधडलं. पण आज कुणी वाट बघत नव्हतं ना." मग म्हणाले, "दाराला कुलूप होतं. निळं दार हाय. खिडकीत पुदिन्याची कुंडी राहिलीय, तिला पाणी घातलं."

पोरीचा प्रेमाने केलेला फोनच त्यांना इतका जड होत असेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला त्या दिवशी धड काही शिवता आलं नाही.

गुजरात काही मामूंना गाठता आलं नाही. त्याच हिवाळ्यात काविळीने गेले. हृदय शेवटपर्यंत ठणठणीत होतं.

नसरीन आली तेव्हा माझ्या दुकानात येऊन बसली. "काकू, अम्मी म्हणते अब्बूंनी माझं घर बघितलं होतं. माझ्या समाधानासाठी म्हणते का?"

"बघितलं गं," मी म्हटलं. "निळं दार. खिडकीत पुदिना होता, त्याला पाणी घालून आले."



"तो त्यांच्यासाठीच लावला होता, काकू," ती म्हणाली. "अब्बूंना जेवताना चटणी लागते."