उसामागचा पिवळा उजेड

ती घटना आजही आठवते, कारण त्या गुन्ह्याचा मुद्देमाल रोज संध्याकाळी स्वतःच आपला पत्ता सांगत होता.

माझं ठाणं इंदापूर तालुक्यात होतं. हद्दीतल्या मोठ्या गावात रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे उतरवून एलईडी बसवणं चालू होतं. उतरवलेले काही दिवे चोरीला गेल्याची फिर्याद ठेकेदाराच्या मुकादमानं दिली. आम्ही भंगारवाले तपासले. हाती काही लागलं नाही.

खबर दिली ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरचालकानं. "सायेब, समदा रस्ता पांढरा झालाय. उसामागच्या वस्तीवर तेवढं पिवळं दिसतंय."

दिवस मावळताना आम्ही वस्तीवर पोचलो. पायवाटेच्या खांबांवर चोरीचे दिवे जळत होते. ते लावणारा वायरमन त्याच वस्तीतला, ठेकेदाराच्याच टोळीत रोजंदारीवर होता. त्याला ठाण्यात आणलं.

आमचे हवालदार हसले. "चोरी केलीस ती केलीस, वर दिवाळी मांडून बसलास? असला येडा चोर उभ्या नोकरीत बघितला न्हाय."

"लपवायला नेलं नव्हतं, हवालदारसायेब."

"मग कशाला?" मी विचारलं.

तो म्हणाला, "जुना दिवा असंल तितंच नवा बसतुय. आमच्या खांबावर कधी दिवाच न्हवता, म्हून मोजणीत वस्तीच न्हाय. म्हटलं, आधी जुना लावावा. फेरमोजणीला येतील तवा दिसंल तरी."

मी मुकादमाला विचारलं. नियम खरोखरच तसा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंच घेऊन जप्तीला गेलो. दिवे उतरू लागले तशी वायरमनची आई पुढं आली. तिची सून याच वाटेवर घोणस चावून गेली होती.

"दिवं न्या, सायेब. चोरीचं हायती, न्यायलाच पायजेत. पण मागं ऱ्हातोय त्यो अंधार बी पंचनाम्यात लिवा."

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "लिहा."

त्यांनी लिहिलं : दिवे उतरवल्यावर पायवाट दिसेनाशी झाली, पंचांच्या सह्या जीपच्या उजेडात घेतल्या. त्या पंचनाम्याची नक्कल जोडून मी वरिष्ठांमार्फत दिव्यांच्या खात्याला अहवाल पाठवला. दोषारोपपत्रही पाठवलं. चोरी ती चोरीच.

वायरमन कोर्टाच्या तारखांना येत राहिला. दरम्यान वस्तीवर पांढरे दिवे लागले. एका तारखेला मी त्याला विचारलं, "उजेड कसा काय?"

"झ्याक हाय, सायेब," तो म्हणाला. "फकस्त बायकू न्हाय बघायला."

नोकरीत मी पुष्कळ चोर पकडले. पण ज्यांनी एक अख्खी वस्ती मोजणीतून गाळली, त्यांच्यावर लावायला माझ्याकडं कलम नव्हतं. दिवा चोरीला गेला तर फिर्याद लिहून घ्यायला ठाण्यात माणूस बसलेला असतो. दिवा कधी लागलाच नाही, तर फिर्याद कुठं द्यायची, हे वायरमनच्या आईला मी सांगू शकलो नाही.